मधली फळी

रुद्रेश बिरादारला जुनी होडी विकत घ्यायची आहे, हे नायगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कळलं तेव्हा लोक आधी हसले. बी-बियाण्याचं दुकान चालवणारा लिंगायत माणूस, ज्याच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, तो होडी घेऊन काय करणार?

"मासे धरणार," रुद्रेश सांगायचा. "अन् आइतवारी घरच्यांना घेऊन धरणावर फिरणार."

"धरून काय करणार? आंघोळ घालून सोडणार का?" शेजारच्या भुसार दुकानातले भागवतराव विचारायचे. आजूबाजूचे हमालही हसायचे.

रुद्रेश हसायचा नाही. त्यानं नांदेडहून गळाची काठी आणली होती. ती दुकानात खताच्या पोत्यांमागं उभी होती, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच.

त्याची बायको अंजूही हसली नव्हती. नवरा होडी कशासाठी शोधतोय हे तिला ठाऊक होतं, पण तो मासे म्हणत होता तोवर तीही मासेच म्हणत होती.

गेल्या श्रावणात ती दोघं आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी रुद्राणी सोमवारच्या पूजेला बोरगव्हाणला गेली होती. तिथल्या जुन्या घरात रुद्रेशची आई बसम्मा एकटीच राहायची. देगलूरकडच्या घरांत आईला अव्वा म्हणतात, तसं रुद्रेश म्हणायचा, आणि लग्नानंतर अंजूही म्हणू लागली. रुद्राणीची ती अज्जी. पूजा झाली, जेवणं झाली, आणि मग पाऊस लागला तो थांबेचना. सकाळी नदी गावात होती. चौघंही माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, चढून बसली. खालची माती भिजून घर आतल्या आत खचत असल्याचा आवाज येत होता.

दुपारी नारंगी रंगाची एक रबरी होडी आली. वरच्या आळीतली माणसं आधीच तिच्यात दाटीनं बसली होती. होडीवाल्यांनी रुद्राणीला उचललं, मग अंजूला घेतलं, आणि एक बोट वर केलं. अजून एकच.

"तू जा," अव्वा रुद्रेशला म्हणाली. "लेकरू भिऊन राहिलंय. मी दुसऱ्या खेपेला येते."

"तू बस, अव्वा. मी थांबतो."

"मला पाण्याचं काय भ्याव हाय? जा म्हणते ना."

दोघांची घासाघीस चालली असताना होडीतून अंजू ओरडली, "अहो, या ना लवकर!"

रुद्रेश होडीत उतरला. अव्वा माळवदावर मांडी घालून बसून राहिली, पिशवी मांडीवर घेऊन, स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तशी. होडी दुसऱ्या खेपेला गेली तेव्हा तिथं घरच नव्हतं.

अव्वा सापडली नाही. पाणी ओसरल्यावर नदीकाठ धुंडाळला, खालच्या गावांत निरोप दिले, धरणापर्यंत माणसं पाठवली. काही हाती लागलं नाही. लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मातीत बसवतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन, ध्यानाला बसावं तसं. अव्वाला कुठून आणून बसवायचं? मठाचे सिद्धराम स्वामी घरी आले आणि म्हणाले, तिचं लुगडं ठेवून समाधी करू, तसंही चालतं.

"माणूस सापडलं न्हाई अजून," रुद्रेश म्हणाला, "अन् तुम्ही माती द्यायलाव?"

स्वामी चहा पिऊन गेले. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

थंडी सरल्यावर रुद्रेशनं होड्या बघायला सुरुवात केली. पहिली बघितली ती नांदेडला. बागेतल्या तळ्यात चालणारी, पायडल मारायची, पुढं बदकाचं तोंड. रुद्राणीला ती फार आवडली. रुद्रेशनं तिच्या काठावर पाय देऊन दाबलं आणि मान हलवली. "हिला वजन पेलत न्हाई."

दुसरी बिलोलीजवळ, मांजरेच्या काठावर. लोखंडी पत्र्याची, पूर्वी वाळूच्या कामाला लावलेली. ती कोरड्या वाळूत तिरपी पडली होती. विकणारा माणूस तिच्या तळावर दगड आपटून पत्रा किती जाड आहे ते दाखवत होता. रुद्रेश आत जाऊन बसला. उन्हानं पत्रा तापलेला, तरी बराच वेळ बसला. अंजू काठावरून बघत होती. तो फळीच्या अगदी कडेला बसला होता आणि शेजारची जागा त्यानं मोकळी सोडली होती.

"लई जड हाय," बाहेर येऊन तो म्हणाला. "बुडली तर सरळ तळालाच जाईल."

परतताना जीपमध्ये अंजू म्हणाली, "अहो, ऱ्हाऊ द्या ना. लेकराला घेऊन पाण्यात जायला माझं मन घेत न्हाई."

"म्हणूनच तर घ्यायची. आपली असली की दुसऱ्याची वाट बघावी लागत न्हाई."



तिसरी होडी धरणावर मिळाली. बोरगव्हाणवरून वाहणारी नदी ज्या धरणाला येऊन मिळते, त्याच धरणावर. मालकाचं नाव सत्यम. तेलंगणातून येऊन इथं बरीच वर्षं मासेमारी केलेला माणूस, पण आता पोराकडं निजामाबादला राहायला निघाला होता. लाकडी होडी, वरून फायबर चढवलेलं, निळा रंग उन्हानं उडालेला. बसायला आडव्या तीन फळ्या, मागं दोरी ओढून चालू करायचं छोटं इंजिन.

सत्यमनं काही लपवलं नाही. "बुडाला एका जागी पाझर हाय. डांबर भरलं की बंद होतो. इंजिन सकाळी नखरे करतं, उन्हात बरं चालतं. बाकी म्हशीवाणी गरीब नाव हाय."

रुद्रेशनं बुड ठोकून बघितलं, पाझराच्या जागी नख लावून बघितलं. मग म्हणाला, "एक चक्कर मारू."

भर दुपार होती. धरणाच्या पाण्याची चकाकी डोळ्यांवर येत होती. सत्यम पाण्यात गुडघाभर उभा राहून दोरीची गाठ सोडत होता, आणि खाली बघतच प्रत्येकाला जागा सांगत होता. "अम्मा, तुम्ही पुढं बसा. पोरगीला जवळ घ्या. मालक मागं, माझ्यापाशी. अन् अव्वाला मधल्या फळीवर बसवा, म्हंजी नाव डोलणार न्हाई."

कुणीच हललं नाही.

"कुणाला?" अंजूनं विचारलं.

सत्यमनं वर बघितलं. आधी मधल्या फळीकडं, मग काठाकडं. "आमच्यात म्हातारीला अव्वाच म्हणतात," तो म्हणाला, जणू तिनं शब्दाचा अर्थ विचारला होता. "तुमच्या मागून बांध उतरत नव्हती का? पिशवी घेऊन?" आणि मग, काठावर आपली मोटरसायकल आणि एक कुत्रं सोडून काही नाही हे दिसल्यावर, तो पुन्हा दोरीच्या गाठीवर वाकला.

अंजूनं रुद्राणीचा हात घट्ट धरला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. रुद्रेशच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अव्वा गेल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल पडला होता.

"हाव," तो म्हणाला. "आमचीच हाय." आणि एखाद्याला चढताना आधार द्यावा तसा त्यानं रिकाम्या हवेत हात पुढं केला.

चक्कर झाली. सत्यम सगळा वेळ मागं उभा राहिला, मधल्या फळीकडं पाठ करून. काठाला लागताच रुद्रेश म्हणाला, "हीच घेतो." पुढचे काही दिवस सत्यमनं त्याला इंजिन चालवायला शिकवलं, वाऱ्यात होडी कशी धरायची ते दाखवलं. जायच्या दिवशी तो अंजूला बाजूला घेऊन म्हणाला, "अम्मा, नाव चांगली हाय. हिच्यात कुणी मेलं न्हाई, मी हिच्यात कधी काही बघितलं न्हाई. जे हाय ते तुमच्यासंगं आलंय."

मग दर आइतवारी ते धरणावर जायला लागले. अंजू भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून घ्यायची. रुद्रेश गळ टाकून बसायचा. मासा लागला तर रुद्राणी टाळ्या पिटायची, आणि रुद्रेश गळ काढून तो परत पाण्यात सोडायचा. काठावरचे मासेमार बघत राहायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर सुखी कुटुंब वाटलं असतं, आणि काही काही क्षण ते सुखी होतेही. रुद्राणीचं पाण्याचं भ्याव गेलं. पुरानंतर ती बादलीतल्या पाण्यालाही घाबरायची. आता ती वाकून पाण्यात हात घालायची आणि मधल्या फळीकडं बघून म्हणायची, "अज्जी, बगळा बघ. अज्जी, तुला गार लागतंय का?"

"असं बोलू न्हाई," अंजू दटावायची.

"बोलू दे की," रुद्रेश म्हणायचा. पाण्यात तरंगवणारी जॅकेटं घेताना त्यानं अव्वासाठीही एक घेतलं होतं. ते तो मधल्या फळीवर नीट पसरून ठेवायचा. भाकरी वाटताना एक चतकोर तिथं जायची.

अंजू जे बघत होती ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ऊन एवढं की होडीच्या कडेला हात लावला तर चटका बसायचा, पण मधली फळी ओली असायची. पाझर डांबरानं केव्हाच बुजला होता. जॅकेट उचललं की खालून लाकूड काळं, ओलं दिसायचं, आणि नदीच्या गढूळ पाण्याचा वास यायचा. धरणाचं पाणी मात्र त्या दिवसांत नितळ होतं. आणखी एक. होडी जितकी बुडायला हवी त्यापेक्षा जास्त बुडायची. सगळे उतरल्यावर रुद्रेश ती ओढून काठावर घ्यायचा, तेव्हा फायबरवर पाण्याची खूण बरीच वर दिसायची.

उन्हाळा चढला तसं रुद्रेशचं गळ टाकणं बंद झालं. तो होडी चालू करून सरळ वरच्या अंगाला न्यायला लागला, जिथं नदी धरणात उतरते तिकडं. दर खेपेला थोडं पुढं.

"कुठवर जायचं?" अंजू विचारायची.

"थोडं अजून. अव्वाला गाव बघायचं असंल."

"अव्वाला न्हाई. तुम्हाला."

तो इंजिनाचा वेग वाढवायचा.

मे संपत आला होता. त्या आइतवारी सकाळपासून हवा बंद होती. दुपारी ते नदीच्या तोंडाशी पोचले, तेव्हा पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. वळवाचं आभाळ, काळंनिळं, खालून धुळीचा पडदा ओढत येणारं. काठावरच्या लोकांनी ओरडून हात हलवले. मासेमार ज्यांवर बसून जाळी टाकतात ते हवेचे ट्यूब भराभर काठाला लागत होते.

"माघारी फिरवा," अंजू म्हणाली.

"ह्या वळणापलीकडं गाव दिसतं."

"अहो, माघारी फिरवा म्हणते ना!"

वारं आलं ते एकदम आलं. पाणी उभं राहिलं. पहिल्या लाटेनं रुद्राणी अंजूच्या अंगावर आपटली, दुसरी सरळ होडीत आली. रुद्रेशनं आता खरोखर होडी वळवायचा प्रयत्न केला, पण ती वळेना. मध्ये कुणीतरी जड माणूस घट्ट बसलेलं असावं तशी ती पाण्यात रुतून बसली होती. होडीचा काठ पाण्याच्या वर चार बोटंच राहिला. इंजिन घुसमटून बंद पडलं. रुद्रेश दोरी ओढत होता, पुन्हा पुन्हा ओढत होता, आणि ओरडत होता, "अव्वा, धर! अव्वा, धरून बस!"

अंजूनं मधल्या फळीकडं बघितलं. तिला कुणी दिसलं नाही. पाऊस तिरपा येत होता, सगळं भिजत होतं, आणि त्या एका जागी पाऊस फळीवर पडतच नव्हता. फळीच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर अडून तो दोन्ही बाजूंनी निथळत होता.

रुद्राणी किंचाळत होती. अजून एक लाट आत आली.

"अव्वा," अंजू म्हणाली. आवाज शांत निघाला, स्वयंपाकघरात बोलायची तसा. "अव्वा, उतरा. लेकरू हाय होडीत. तुमच्या पाया पडते, उतरा."

पाऊस फळीवर पडायला लागला.

होडी वर आली. अंजूला ते पोटात जाणवलं, जत्रेतला पाळणा खालून वर येताना जाणवतं तसं. काठ पाण्याच्या वीतभर वर गेला, तोंड आपोआप वाऱ्याला पाठ देऊन वळलं. "अव्वा!" रुद्रेशनं हंबरडा फोडला आणि तो पाण्यावर वाकला. अंजूनं त्याचा सदरा मागून दोन्ही हातांनी धरला. शिवण उसवली, पण तिनं सोडलं नाही. वाऱ्यानं त्यांना ढकलत ढकलत गाळाच्या काठाला नेऊन लावलं.

एका बाभळीखाली ते तिघं बसले. रुद्राणी आईच्या कुशीत थरथरत होती. वारं जसं आलं तसं निघून गेलं. पाण्यावर ऊनही पडलं.

"तू तिला उतरवलंस," रुद्रेश म्हणाला.

"हाव."

त्यानं उसवलेला सदरा पिळला. मग म्हणाला, "दुसऱ्यांदा."

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. रुद्रेश दुकानातून यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. रुद्राणी दोघांच्या मधून जपून वावरायची. अंजू भांडी घासत असायची, आणि ते "दुसऱ्यांदा" तिच्या कानात वाजत राहायचं. रागात बोललेला शब्द म्हणून तिला तो टाकूनही देता येईना, कारण तो खोटा नव्हता.

शेवटी एका दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. डबा गल्ल्यावर ठेवून ती म्हणाली, "त्या दिवशी माळवदावर अव्वा बसलेली मला दिसत होती. तरी मी हाक तुम्हाला मारली. मला तुम्ही पाहिजे होतात. तिला मारली असती हाक तर ती आलीही असती, काय माहीत."

रुद्रेशनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"हाक तू मारलीस," तो म्हणाला. "उतरलो मी. मला कुणी ढकललं नव्हतं." आणि दुकानात, खताच्या पोत्यांच्या त्या उग्र वासात, तो रडायला लागला. अंजूनं शटर अर्धं खाली ओढलं.

पेरणीच्या आधी बोरगव्हाणच्या शेतात त्यांनी समाधी केली. सिद्धराम स्वामी आले. अव्वाचं एक धुवट लुगडं होतं, नायगावला आली की ती तिथं नेहमी ठेवून जायची ते. त्याची घडी करून, विभूती लावून, खड्ड्यात बसवली. रुद्रेशनं पहिली माती दिली. घरी येऊन तो जो झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला.

होडी त्यांनी विकली नाही. ती धरणाच्या काठावर पालथी घालून, ताडपत्रीनं झाकून ठेवली आहे. पाऊस संपला की जाऊ, असं रुद्रेश रुद्राणीला सांगतो, आणि ते खरं असावं. तो आता मोंढ्यात हसतो. भागवतरावांनी माशांवरून चिडवलं तर उलट चिडवतो.

अंजूचं वेगळं आहे. दुपारी रुद्रेश दुकानात असतो, रुद्राणी शाळेत. अंजू तांदूळ निवडत बसलेली असते. तेव्हा अंगणात पावलं वाजतात, ओल्या पायांची, सावकाश येणारी. उंबऱ्यापाशी येऊन ती थांबतात. आत येत नाहीत. सांगितल्याशिवाय बसायचं नाही असं ठरवून कुणीतरी बाहेर उभं असावं, तसं.

"या, अव्वा," अंजू म्हणते. "या ना. बसा. जागा हाय."

ती ताट बाजूला सारून जागा करते. उंबऱ्यावर कुणी नसतं. फरशी कोरडी असते. पण तिनं बोलावल्यावर पावलं वाजत नाहीत, येण्याचीही नाहीत आणि जाण्याचीही. मग अंजू उठते, दार पूर्ण उघडून त्याला वीट लावते, आणि परत तांदूळ निवडायला बसते.